सीएनजीवर प्लगचं सिरॅमिक वारंवार का तडकतं?

प्रश्न मुलुंडहून आला आहे, सीएनजीवर टुरिस्ट गाड्या चालवणाऱ्या एका गृहस्थांचा. थोडक्यात असा: गेल्या वर्षभरात त्यांच्या गाड्यांतून चार-पाच स्पार्क प्लग असे निघाले की ज्यांचं पांढरं सिरॅमिक तडकलेलं होतं. मेकॅनिक म्हणतो, गॅस फार गरम जळतो, प्लग टिकणारच नाहीत. दुकानदार म्हणतो, इरिडियम धातूच्या टोकाचे प्लग टाका. कुणीतरी सांगितलं की सिलिकॉन नायट्राइड नावाचं मजबूत सिरॅमिक आलंय, ते मिळतं का बघा. शिवाय त्यांच्या मेव्हण्यांच्या रबाळ्याच्या कारखान्यात पाइप गॅसवरचा जनरेटर आहे आणि तिथेही प्लगचं तेच रडगाणं. मग दोष कुणाचा, गॅसचा की प्लगचा?

आधी निकाल सांगून टाकतो. नैसर्गिक वायूमुळे सिरॅमिक जळत नाही, झिजत नाही, कुजत नाही. गॅसवर ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि त्या वाढीव व्होल्टेजमुळे आधीपासून असलेला प्रत्येक दोष उघडा पडतो: वाढलेला गॅप (ठिणगी जिथे पडते त्या दोन इलेक्ट्रोडमधलं, म्हणजे धातूच्या टोकांमधलं अंतर), प्लगवर बसणारा म्हातारा झालेला रबरी बूट, पान्हा तिरका लागून पडलेली केसासारखी चीर. तडकलेलं सिरॅमिक हातात आलं की लोक प्लगला शिव्या घालतात. माझ्या अनुभवात दहातले आठ-नऊ प्लग बाहेरच्या कारणाने गेलेले असतात. माझी उमेदवारी काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या गॅरेजात झाली आणि पुढची नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गॅस इंजिनांवर, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

प्लगचा पांढरा भाग अॅल्युमिनाचा असतो, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध. भुकटी चहूबाजूंनी सारख्या दाबाने दाबून, घासून आकार देऊन, १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. बॉशने १९०२ मध्ये मॅग्नेटोबरोबर हाय टेन्शन प्लग आणला, तेव्हापासून कितीतरी वर्षं पोर्सिलीनवर भागवलं जायचं. अॅल्युमिना रुळला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. हा पदार्थ वितळतो २००० अंशांच्या वर. प्लगचं टोक चालत्या इंजिनात ५०० ते ८५० अंशांत राहतं. मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूतला मुख्य घटक, जळून होतो कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, आणि या दोघांचंही या तापमानाला अॅल्युमिनापुढे काही चालत नाही. तेव्हा ‘गॅसने चिनी माती जाळली’ हे विधान बाद.

अॅल्युमिनाची दुखणी वेगळी आहेत. दाब कितीही द्या, सोसेल. वाकवायला गेलात की कट्कन मोडेल. दुसरं, अचानक गार केलेलं त्याला खपत नाही. साधारण २०० अंशांचा फरक एका झटक्यात पडला की त्यात बारीक चिरा पडायला लागतात. तिसरं, तापलं की त्याची विद्युतरोधकता उतरते. थंड प्लग मीटरवर ठणठणीत दिसतो, पण तोच टोकाला आठशे अंशांवर असताना तितका पक्का रोधक राहत नाही. आणि चौथं म्हणजे जागाच कमी. १४ मिलिमीटर आट्यांच्या प्लगमध्ये सिरॅमिकची भिंत आतल्या बाजूला जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असते. हल्लीच्या छोट्या इंजिनांत १२ आणि १० मिलिमीटरचे प्लग आलेत, त्यांत ती आणखी पातळ. एवढ्याशा भिंतीने पंचवीस-तीस हजार व्होल्ट अडवून धरायचे असतात, मिनिटाला हजार-दीड हजार वेळा.

आता गॅस इथे नेमकं काय करतो ते बघू. गॅपमध्ये ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल हे ठरतं गॅपची रुंदी आणि त्या क्षणी तिथे असलेला दाब या दोघांवर. हा पाश्चेनचा नियम, अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतो. पेट्रोलवर ठीकठाक प्लगला दहा-पंधरा हजार व्होल्ट पुरतात. गॅसवर तेच इंजिन काही हजार व्होल्ट जास्त मागतं, आणि मिश्रण पातळ झालं की मागणी आणखी वर जाते. मिथेन आपणहून पेटायचं तापमान पेट्रोलच्या दुपटीच्या आसपास, ५४० अंश धरा; ज्योतही सावकाश पसरते. म्हणजे ठिणगी नुसती पडून भागत नाही, दमदार पडावी लागते. ज्या इंजिनांची घडणच गॅससाठी आहे त्यांत कॉम्प्रेशन जास्त, वर टर्बोचार्जर. तिथे आकडा तीस-चाळीस हजारांपर्यंत जातो. पेट्रोलवर जो प्लग अजून वर्षभर चालला असता तो गॅसवर आज बंद पडतो, त्याचं कारण हे.

साध्या निकेलच्या प्लगचा गॅप हजार किलोमीटरला साधारण एक शतांश मिलिमीटरने वाढतो. टुरिस्ट गाडी महिन्याला चार-पाच हजार किलोमीटर सहज पळते. ०.८ वर सेट केलेला प्लग वीस हजार किलोमीटरनंतर १.० वर आलेला असतो, म्हणजे व्होल्टेजची मागणी ढोबळमानाने पंचवीस टक्क्यांनी वाढली. उच्च व्होल्टेज देणारी इग्निशन कॉइल बिचारी ती पुरवत राहते. आता वीज सगळ्यात सोपी वाट शोधणार. गॅप ओलांडून जाणं अवघड झालं की ती सिरॅमिकच्या बाहेरून, बुटाच्या आतून, शेलवर म्हणजे प्लगच्या धातूच्या कवचावर उडी मारते. नाहीतर जिथे चीर आहे, पोकळ जागा आहे, तिथून भिंतच फोडून आरपार जाते. असा फुटलेला प्लग तोडून पाहिलात तर टाचणीच्या अग्राएवढं काळं छिद्र दिसतं, कडा वितळून काचेसारख्या झालेल्या. अशा वेळी प्लग बदलून काम संपत नाही. गॅप एवढा वाढेपर्यंत कुणी पाहिलं का नाही, हे विचारायला हवं.

दोन इंधनांवर चालणाऱ्या गाडीत याची ओळख फार सोपी आहे आणि तरी ती कुणी वापरत नाही. गाडी गॅसवर मिसिंग मारतेय, म्हणजे मध्येच एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटायचं राहतंय, चढावर झटके देतेय, आणि बटण दाबून पेट्रोलवर घेतली की गुळगुळीत चालतेय? मग गॅस किट, इंजेक्टर, रेग्युलेटर यांच्यामागे लागण्याआधी प्लग, बूट आणि कॉइल बघा. मागे एक टुरिस्ट गाडी आली होती. मुंबईत कुठेही हिंडवा, तक्रार नाही. बोरघाटात खंडाळ्याच्या चढाला लागली की तिसऱ्या गिअरमध्ये धडधडायची. मालकाने कॉइल बदलून घेतल्या होत्या, गॅसचा फिल्टर बदलला होता, किटवाल्याकडे ट्यूनिंग करून घेतलं होतं. प्लग ‘नवेच आहेत’ म्हणून कुणी काढलेच नव्हते. काढले तर शेवटच्या सिलिंडरच्या प्लगवर, पान्हा बसतो त्या षटकोनाच्या जरा वर, गोल फिरलेली चीर. डोळ्यांना दिसत नव्हती. पेनातली शाई कापसाने लावली, पुसली, आणि पांढऱ्यावर निळी बारीक रेघ राहिली. त्या इंजिनात शेवटचा प्लग विंडशिल्डखालच्या पत्र्याच्या आड येतो, सॉकेट सरळ बसत नाही. बसवणाऱ्याने युनिव्हर्सल जॉइंट लावून तिरक्या हाताने आवळला असणार. सपाट रस्त्यावर थ्रॉटल अर्धवट उघडं, सिलिंडरमध्ये दाब कमी, म्हणून ठिणगी गॅपमध्येच पडायची. घाटात थ्रॉटल पूर्ण उघडलं, दाब वाढला, आणि विजेने चिरेची वाट धरली.

शाईची ही युक्ती लक्षात ठेवा. स्वस्त आहे, आणि मल्टीमीटर जे सांगत नाही ते सांगते. मल्टीमीटर काही व्होल्टवर मोजतो, त्याला चीर दिसणार कशी? मेगर (उच्च व्होल्टेजवर रोध मोजणारं यंत्र) असेल तर मधला इलेक्ट्रोड ते शेल मोजा. दहा मेगाओहमच्या खाली आलं तर प्लग कचऱ्यात. रेझिस्टर प्लगच्या वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत साधारण पाच किलोओहम दिसले पाहिजेत.

चीर कुठे आहे यावरून बरंच कळतं. षटकोनाच्या वर आडवी किंवा तिरकी चीर म्हणजे हाताचा, पान्ह्याचा दोष, किंवा प्लग बसवण्याआधी जमिनीवर पडलेला. (पडलेला प्लग वापरू नये. पुसून खोक्यात परत ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत.) खाली टोकाला, इलेक्ट्रोडच्या भोवतालची कड तुटलेली किंवा तुकडाच गायब असेल तर दोन शक्यता. एक, गॅप सेट करताना फिलर गेज किंवा स्क्रू ड्रायव्हर मधल्या इलेक्ट्रोडवर टेकवून बाजूचा इलेक्ट्रोड वाकवला. तो जोर थेट सिरॅमिकच्या टोकावर जातो. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड, तोही गॅपच्या साधनाने. दुसरी शक्यता नॉकिंगची, म्हणजे ज्योत पोचण्याआधीच मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकण्याची, आणि तिच्याकडे जरा थांबून बघायला हवं.

मिथेनचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा, पेट्रोलपेक्षा बराच वर, १२० च्या पुढे. गॅसवर साध्या गाडीचं इंजिन सहसा नॉक करत नाही. मग टोक तुटतं कसं? बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत टायमिंग अॅडव्हान्स प्रोसेसर नावाची डबी असते. ज्योत सावकाश चालते म्हणून ती गॅसवर ठिणगी थोडी आधी पाडते, आणि ते योग्यच आहे. पण पेट्रोलवर आलं की तिने बाजूला व्हायला हवं. वायरिंग चुकलेलं असेल, डबी बिघडलेली असेल, तर तेच वाढीव टायमिंग पेट्रोललाही लागू होतं आणि इंजिन खणखणायला लागतं. नॉकिंगच्या दाबलाटा आधी सिरॅमिकचं टोक फोडतात, नंतर पिस्टनकडे वळतात. गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होते, पंपावर रांग मोठी असेल त्या दिवशी पेट्रोलवरच पळते; प्लग तुटतो पेट्रोलवर आणि नाव गॅसचं होतं. तुमच्या गाड्यांत किट कंपनीचं आहे की बाहेरचं, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. बाहेरचं असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करा, कारण तुटलेला तुकडा कुठेतरी गेलेला असतो, आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडायला तांदळाच्या दाण्याएवढा अॅल्युमिना पुरतो.

एका डागाने मात्र फुकट पुष्कळ प्लग बदलले जातात. सिरॅमिक जिथे शेलमध्ये शिरतं तिथे फिकट तपकिरी कडं दिसतं. लोकांना वाटतं आतून गॅस गळतोय. तो कोरोना डिस्चार्जचा डाग: उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्राने हवेतले तेलाचे कण ओढले जातात आणि तिथे चिकटतात. त्याने प्लगचं काहीही बिघडत नाही, सोडून द्या. पण टोपीपासून शेलपर्यंत उभी काळी रेघ असेल, पेन्सिलीने ओढल्यासारखी, तर तिथून ठिणगी बाहेरून उडी मारतेय. तिला फ्लॅशओव्हर म्हणतात. अशा प्लगच्या जोडीला त्याचा बूटही बदलायचा. बुटाच्या आत तशीच रेघ कोरलेली असते आणि जुन्या बुटात घातलेला नवा प्लग दोन-तीन आठवड्यांत तीच रेघ घेऊन येतो. ‘नवीन प्लगही टिकत नाही’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथे संपतात.

पावसाळ्यात हे सगळं वाढतं. हिंदमाताला, मिलन सबवेत पाण्यातून गाडी काढली आणि प्लग तडकला, असं लोक सांगतात. पाण्याने थेट सिरॅमिक तडकणं मला फारसं पटत नाही, कारण बाहेर असलेला अर्धा भाग टोकाच्या मानाने बराच थंड असतो आणि बुटाने झाकलेला असतो. होतं असं की प्लगच्या विहिरीत पाणी उतरतं, तिथे आधीच तेल आणि धूळ असते, त्या चिखलातून वीज वाट काढते आणि काळी रेघ पडते. ती एकदा पडली की पाणी सुकल्यावरही राहते. समुद्रकाठच्या खारट हवेचाही हातभार लागतोच, कुलाबा-वरळीकडच्या गाड्यांच्या कॉइलची टर्मिनलं लवकर हिरवी पडतात. इंजिन धुताना प्रेशरचं पाणी प्लगवर मारू देऊ नका. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवून बघितलं तर गळणारी वीज निळसर चमकताना दिसते. हात मात्र लांब ठेवा, कॉइल चांगलाच झटका देते.

जुन्या लोकांना पद्मिनी टॅक्सी आठवत असेल. शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. महानगर गॅसची स्थापना १९९५ ची, आणि पुढच्या काही वर्षांत न्यायालयाच्या आदेशांमुळे टॅक्सी झपाट्याने गॅसवर आल्या. त्या इंजिनाला पॉइंट आणि कंडेन्सरचं इग्निशन, जेमतेम ताकदीची कॉइल. गॅसचं किट लागलं की आठवड्याभरात डिस्ट्रिब्युटर कॅपला, रोटरला चीर. प्लग बदलून बदलून लोक थकले. मग गॅप थोडा कमी ठेवायचा आणि हायटेन्शन वायरी चांगल्या घ्यायच्या, हे कळल्यावर तक्रारी निम्म्याने उतरल्या. गॅप कमी ठेवण्याचं ते तत्त्व आजही लागू आहे. पेट्रोलला १.० ते १.१ सांगितलेला असेल तर गॅसवर पुष्कळ ठिकाणी ०.७ ते ०.८ वर ठेवतात. कंपनीने सीएनजीचा आकडा वेगळा दिला असेल तर अर्थातच तो पाळायचा. फार कमीही करू नका. ०.५ वर ठिणगी पडते पण ज्योत धरत नाही, रिकाम्या गतीवर इंजिन डुलायला लागतं. आणि मिसिंग म्हणजे न जळलेला गॅस एक्झॉस्टमध्ये, तिथे तो पेटला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं मातेरं.

आवळण्याबद्दल. अॅल्युमिनियम हेड, वॉशरवाला प्लग: १४ मिलिमीटरला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ ला १५ ते २०, १० ला १० ते १२. टॉर्क रेंच नसेल तर हाताने बसेपर्यंत फिरवा आणि नव्या प्लगला वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आधी वापरलेल्याला जेमतेम बाराव्या हिश्शाचा. आट्यांना ग्रीस किंवा अँटिसीझ चोपडू नका. चांगल्या प्लगला मुलामा असतोच, वर ग्रीस लावलं की तोच टॉर्क प्रत्यक्षात कितीतरी जास्त आवळतो, शेल ताणलं जातं आणि सिरॅमिक धरून ठेवणारी आतली पकड सुटते. कमी आवळलेला प्लग तर त्याहून वाईट. प्लगची उष्णता मुख्यतः आटे आणि वॉशरमधून हेडमध्ये उतरते. सैल प्लग तापत राहतो, टोक नऊशे-हजार अंशांकडे जातं, आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागतं. इथे ‘गॅस गरम जळतो’ या मेकॅनिकच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो: पेट्रोल आत जाताना बाष्पीभवनाने मिश्रण थंड करतं, गॅस तसं करत नाही. म्हणून गॅसवर सतत महामार्गावर धावणाऱ्या गाडीला एक नंबर थंड प्लग, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा प्लग, चालतो. मात्र नंबर बघताना फसू नका. एनजीके आणि डेन्सोचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनचा आकडा वाढला की गरम. बाजारात ‘एक नंबर वरचा द्या’ सांगून उलटा प्लग घेऊन आलेले लोक पुष्कळ.

रंगाचंही तसंच. पेट्रोलवर टोक पांढरं दिसलं की मिश्रण पातळ, असं शिकवलं जातं. गॅसवर काजळी धरतच नाही. टोक पांढरं किंवा फिकट राखाडी दिसणं हीच निरोगी अवस्था. काळजीचं लक्षण म्हणजे पृष्ठभागावर फोड, चमकणारे बारीक मणी, किंवा इलेक्ट्रोडच्या कडा गोल वितळलेल्या. टोकावर पिवळट-पांढरा खरबरीत थर असेल तर ती इंजिन ऑइलची राख. व्हॉल्व्ह गाइडचं सील गेलेलं असतं, सिग्नलला तासन् तास रिकाम्या गतीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ते जास्त दिसतं. तापलेली राख वीज वाहून नेते आणि प्लग आतल्या आत गळतो. ती वाळूच्या क्लीनिंग मशीनवर घासून काढू नका. सिरॅमिकचा गुळगुळीतपणा जातो, वाळूचे कण खोलात अडकतात, आणि पुढची राख दुप्पट वेगाने धरते. बारीक टोकाच्या इरिडियमला तर वायर ब्रशही लावायचा नाही.

इरिडियम घ्यावा का, तर टुरिस्ट गाडीला हो. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम २४४६ ला. इलेक्ट्रोड सावकाश झिजतो म्हणजे गॅप सावकाश वाढतो, व्होल्टेजची मागणी आटोक्यात राहते, आणि त्यामुळे सिरॅमिक वाचतं. बारीक टोकाला ठिणगी पडायलाही कमी व्होल्टेज लागतं. पण खोक्यावर लिहिलेले लाखभर किलोमीटर पेट्रोलचे आहेत. गॅसवर मी निम्मे धरतो. एकच कॉइल दोन प्लगना ठिणगी देते अशी रचना असेल तर दोन्ही इलेक्ट्रोडवर मौल्यवान धातू असलेलाच प्लग घ्या, कारण तिथे निम्म्या प्लगांमधून वीज उलटी वाहते, बाहेरचा इलेक्ट्रोड जास्त झिजतो आणि त्या प्लगना व्होल्टेजही जास्त लागतं. आणि नकली इरिडियमपेक्षा अस्सल निकेल कधीही बरा. छापील अक्षरं अंगठ्याने पुसली जातात का, मधला इलेक्ट्रोड नेमका मध्ये आहे का, सिरॅमिकचा ग्लेझ सगळीकडे सारखा आहे का, एवढं दुकानातच बघून घ्या.

सिलिकॉन नायट्राइड. पदार्थ म्हणून तो अॅल्युमिनापेक्षा सरसच. वाकवणारा जोर जवळजवळ दुप्पट सोसतो, तापून फुगतो निम्म्याहून कमी, आणि अचानक थंड केलं तरी सहाशे अंशांच्या आसपासचा फरक पचवतो. डिझेलच्या सिरॅमिक ग्लो प्लगमध्ये तो कित्येक वर्षं आहे. पण तो तापणारा दांडा, ठिणगीचा प्लग नव्हे. तुमच्या गाडीत बसणार नाही आणि बसवायचं कारणही नाही. सिलिंडरमध्ये थेट गॅस फवारून तो लालबुंद सिरॅमिकवर पेटवायचा, अशा इंजिनांवर संशोधन झालं आहे. तिथे या सिरॅमिकचं टोक सतत हजार अंशांच्या वर ठेवावं लागतं; डिझेलमध्ये ते फक्त सुरुवातीला काही वेळ तापतं. त्या तापमानाला सिलिकॉन नायट्राइडवर सिलिकाचं संरक्षक कवच धरतं, आणि मिथेन जळून निघणारी पाण्याची वाफ तेच कवच हळूहळू उडवून नेते. सोडियमसारखे क्षार असले तर कवच वितळतं. शिवाय सतत एकाच दिशेने वीज वाहिल्याने सिरॅमिकच्या कणांमधल्या काचेतले आयन एका टोकाला सरकतात आणि आतून ते कमकुवत होतं. म्हणजे ‘गॅसमुळे सिरॅमिक झिजतं’ हे खरं ठरतं ते इथे, तुमच्या प्लगच्या बाबतीत नाही.

आता मेव्हण्यांचा जनरेटर. तिथे हिशेब किलोमीटरचा नाही, तासांचा; आणि इंजिन दिवस-दिवस जवळजवळ पूर्ण भारावर चालतं. गॅप ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतो, तरीही दाब इतका की व्होल्टेज तीस हजारांच्या घरात जातं. बहुतेक अशा इंजिनांच्या कंट्रोलरवर प्रत्येक सिलिंडरची इग्निशनची मागणी दिसते. ती रोज वहीत उतरवायला सांगा. सगळ्या सिलिंडरची रेषा सावकाश वर जात असेल तर ती इलेक्ट्रोडची झीज, ठरल्या तासांना प्लग बदला. एकट्याची रेषा एकदम खाली पडली तर तिथे सिरॅमिक फुटलंय किंवा एक्स्टेंडर (विहिरीतल्या प्लगपर्यंत वीज नेणारी लांब रोधक नळी) गळतोय. वीज सोप्या वाटेने जातेय म्हणून मागणी कमी दिसतेय. कमी आकडा बघून ऑपरेटर खूश होतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या लांब टेफ्लॉनच्या एक्स्टेंडरवरच माझा पहिला संशय आहे. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत ठीक, त्यापुढे खराब होतो, आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या विहिरीत हवा खेळत नसेल तर तिथे तापमान चढतं. प्लग बसवताना सिरॅमिकला तेलकट बोटं लागू द्यायची नाहीत, स्वच्छ कापडाने पुसून डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. आतून रेघ पडलेला एक्स्टेंडर घासून परत वापरायचा नाही, तो महाग असला तरी. ऑइल गॅस इंजिनाचंच असू द्या, सल्फेटेड राख अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा कमी असलेलं. डिझेलचं उरलेलं पिंप संपवायची ही जागा नाही. नॉकिंगचा अलार्म येत असेल तर गॅसच्या घटकांचाही विचार करा. पाइपलाइनमध्ये देशी गॅसबरोबर आयात एलएनजीही (द्रवरूपात आणलेला नैसर्गिक वायू) मिसळलेला असतो. इथेन-प्रोपेनचं प्रमाण वाढलं की मिथेन नंबर, म्हणजे गॅसची नॉकिंग रोखण्याची क्षमता, उतरतो आणि गाडीत न दिसणारं नॉकिंग या जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात दिसायला लागतं.

तुम्ही आता एवढं करा. तडकलेले प्लग फेकले नसतील तर शाई लावून चीर कुठे आहे ते बघा, कुठल्या गाडीच्या कितव्या सिलिंडरचा ते मेकॅनिकला विचारून घ्या. सगळे एकाच जागेचे निघाले तर पान्हा सरळ बसत नाही, तिथे वरचा पत्रा काढूनच प्लग बदलायचा हा नियम करा. चिरा टोकाला असतील तर टायमिंगची डबी. काळ्या रेघा असतील तर चारही बूट नवे. यातलं काहीच जुळलं नाही तर प्लगचा पूर्ण नंबर, गॅप आणि किटचा प्रकार कळवा, मग पुढचं बोलू.